नीरेकाठचा गळ

रविवारी वीर धरणाच्या खालच्या अंगाला गळ टाकायला निवांत जागा मिळेल, या आशेवर कुणी घरून निघू नये. पुण्याहून गाड्या येतात, शिरवळहून येतात, पलीकडून फलटणकर येतात. कार्बनच्या काठ्या, बर्फाच्या पेट्या, गाणी लावलेले भोंगे. प्रत्येकाला कटला हवा असतो आणि तो फोटोत मावणार नाही एवढा हवा असतो. तिकडं इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्यावर भिगवण, पळसदेव, कुंभारगावची तऱ्हा आणखी निराळी. तिथं मासा हा घरोघरचा धंदा आहे. होड्या, जाळी, लिलाव आणि हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला आलेले पर्यटक. हौशी गळवाल्यानं तिथं लुडबुड न केलेली बरी.

मी कोऱ्हाळे बुद्रुकचा. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. सात नंबरचे अर्ज तपासले, चाऱ्या फिरलो, पाण्याच्या पाळीवरून होणारी भांडणं सोडवली; काही माझ्यामुळेही लागली असतील. गळाचा नाद मात्र नोकरीच्या आधीचा, चुलत्याच्या, म्हणजे नानांच्या, मागं मागं नदीवर जाऊन लागलेला. मला गर्दीत मासा धरता येत नाही. शेजारी कुणी उसाच्या दराविषयी बोलायला लागलं की लक्ष पाण्यावरून उडतं. म्हणून मोकळं पाणी शोधत राहिलो, आणि ते सापडलं नदी आणि कालवा यांच्या मधल्या पट्ट्यात, जिथं कुणी मासा शोधायला जात नाही. ते पाणी तिथं कसं आलं याची हकीकत दीडशे वर्षांची आहे. तिच्या आधी थोडी राजाची, थोडी साहेबाची.

जाळं हा आपला धंदा आणि गळाची मौज साहेबानं आणली, अशी समजूत सुशिक्षितांत पक्की बसली आहे. दख्खनला तरी ती लागू नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. राजानं राज्य कसं करावं इथपासून काय खावं, कोणते खेळ खेळावेत इथपर्यंत सगळं त्यात आहे, आणि त्यात मत्स्यविनोद म्हणून चक्क गळाच्या शिकारीचं प्रकरण आहे. दोरी कशाची वळावी, काठी कशी निवडावी, खवल्याचे मासे कोणते आणि बिनखवल्याचे कोणते, कुणाला पिठाचं आमिष आणि कुणाला मांसाचं, एकाच जागी रोज चारा टाकून मासा तिथं कसा सवयीचा करावा, हे सगळं तो सांगतो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादून छापला, आणि सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञानं १९५१ साली या प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहिला. इंग्लंडात गळावरचं पहिलं पुस्तक छापलं गेलं १४९६ साली. म्हणजे आपला राजा साडेतीनशे वर्षं पुढं. आमच्या भागातला साखर कारखाना, त्याच्याभोवतीचं सोमेश्वरनगर, यांचं नाव करंज्याच्या महादेवावरून पडलंय, राजाशी त्याचा संबंध नाही; तरीही गळ घेऊन त्या रस्त्यानं जाताना मला राजाची आठवण होते खरी.

चारा टाकून मासा सवयीचा करण्याची युक्ती आमच्याकडं अजून चालते. नाना पेंडीचा आणि भाजलेल्या कणकेचा गोळा एकाच डोहात, एकाच खडकाजवळ, चार दिवस टाकत आणि पाचव्या दिवशी गळ घेऊन जात. त्यांनी कल्याणीच्या राजाचं नावही ऐकलं नव्हतं.

साहेबाची गोष्ट सुरू होते ती विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यापासून. पेशवाई बुडाल्यावर मुंबई सरकारनं त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती जमवायला नेमलं. १८२४ ते १८३१ या काळात तो पुणे, नगर, खानदेश, धारवाड असा फिरला आणि जमीन, पीक, पाऊस यांच्याबरोबर पक्षी आणि मासेही टिपत गेला. माशांवरचा त्याचा निबंध १८३९ चा. मुळा-मुठेतून पुण्याच्या पूर्वेला मिळालेला मोठ्या खवल्यांचा मासा, शिरूरजवळ घोड नदीतला त्याचाच भाऊबंद, शिंगाळा, कोळस, मळ्या, असे कितीतरी मासे त्यानं शास्त्राच्या दप्तरात पहिल्यांदा चढवले. नावं बहुतेक काठावरच्या लोकांनी सांगितली तशीच ठेवली. आजही जगातल्या कुठल्याही प्राणिशास्त्राच्या पुस्तकात शिंगाळ्याच्या लॅटिन नावात आपला शिंगाळा बसलेला आहे.

त्या मोठ्या खवल्यांच्या माशाला आपण महाशीर किंवा खडशी म्हणतो. साइक्सनं त्याची नोंद केली, त्याचा खेळ केला तो पुढच्या पिढीनं. हेन्री सलिव्हन टॉमस हा मद्रास इलाख्यातला कलेक्टर. १८७३ साली त्यानं ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक काढलं आणि महाशीरला हिंदुस्थानचा सॅल्मन करून टाकलं. स्कॉटलंडच्या नदीवर सॅल्मनसाठी आयुष्य झुरणाऱ्या माणसाला इथं नोकरीत दिवस काढायचे असतील तर महाशीर त्याहून जोरात ओढतो, असा एकूण सूर. तेव्हापासून साहेबाच्या नकाशावर नद्यांचे दोन प्रकार झाले: महाशीर असलेल्या आणि बाकीच्या. दख्खनच्या उन्हाळ्यात रोडावणाऱ्या नद्या बाकीच्यांत पडल्या.

दुसरा नाद होता ट्राउटचा. ट्राउट म्हणजे सॅल्मनचाच धाकटा चुलतभाऊ, थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यातला, अंगावर ठिपके असलेला. त्याला पाण्यावर पडणारे किडे आवडतात, म्हणून पिसांची खोटी माशी गळाला बांधून तो धरायचा. निलगिरीत फ्रान्सिस डे या डॉक्टरनं १८६० च्या दशकातच ट्राउट आणायचा खटाटोप केला, तो फसला. काश्मीरसाठी १८९९ साली विलायतेहून पाठवलेली अंडी वाटेतच मेली. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवली ती तगली, आणि आज काश्मीरच्या ओढ्यांतला ट्राउट त्यांचाच वंश. निलगिरीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एच. सी. विल्सननं जम बसवला, कुलूत १९०९ साली हॉवेल या अधिकाऱ्यानं काश्मीरहून रोप नेलं. विचार करा: बर्फात गुंडाळलेली अंडी, सुएझचा कालवा, आगगाडी, मग खेचरं. एवढा खर्च कशासाठी, तर वीतभर ठिपक्यांच्या माशासाठी.

यातली गंमत अशी की त्याच फ्रान्सिस डेनं १८७२ साली पुण्याच्याच पाण्यातला एक मासा शास्त्रात नोंदवला आणि त्याला पुण्यातल्या एव्हझार्ड या कर्नलचं नाव दिलं. बोटभर ते वीतभर, चपळ, वाहत्या पाण्यात राहणारा, पाण्यावर पडलेला किडा झेप घेऊन टिपणारा. याच गोतातल्या उत्तरेकडच्या एका मोठ्या माशाला इंग्रज शिकारी इंडियन ट्राउट म्हणत. आमच्या ओढ्यांत या घराण्यातले लोक अजून आहेत, पाठीकडून खाली उतरणारे निळसर पट्टे असलेले. कातकरी पोरं ते कापडात धरतात आणि तव्यावर टाकतात. ट्राउटच्या अंड्यांमागं साहेब वेडा झाला, तेव्हा पायाखालच्या ओढ्यात काय उड्या मारतंय हे त्यानं शास्त्रासाठी पाहिलं आणि खेळासाठी सोडून दिलं. माझ्या मते ही त्याची मोठी चूक, आणि माझा मोठा फायदा.

आता कालवा. १८७६-७७ चा दुष्काळ दख्खनला झोपवून गेला. त्यात दुष्काळी काम म्हणून नीरेचा कालवा खणायला घेतला, आणि १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहायला लागलं. वीरजवळून निघून बारामती तालुका ओलांडून इंदापुरात जाणारा शंभरेक मैलांचा हा डावा कालवा. त्याला पाणी पुरवायला भोरच्या बाजूला भाटघरला वेळवंडी नदीवर धरण झालं. त्याच्या जलाशयाला व्हायटिंग या इंजिनियरचं नाव मिळालं. पुढं त्याच्याच जवळ मोठं लॉइड धरण उभं राहिलं, ते १९२८ साली गव्हर्नर लेस्ली विल्सननं खुलं केलं. पाणी वाटायची ब्लॉक पद्धत विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यासाठी सुचवली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. खात्यात असताना त्यांचं नाव आम्ही देवासारखं घ्यायचो आणि त्यांची पद्धत मोडण्याच्या वाटा शोधायचो.

कालव्याच्या वरच्या अंगाला जिरायत, खालच्या अंगाला नदीपर्यंत बागायत, असा आमचा मुलूख दोन भागांत चिरला गेला. खाली ऊस आला, गुळाची गुऱ्हाळं आली, बारामतीची पेठ गुळावर फुगली. पण जमिनीला पाणी पाजताना ते परत बाहेर कसं काढायचं हे कुणी फारसं पाहिलं नव्हतं. कालवा झिरपला, ऊस उरावर पाणी घेऊन बसला, आणि काही वर्षांत खालच्या सखल जमिनी पाणथळ होऊन चोपण पडल्या. पांढरे पापुद्रे आलेलं रान आजही दिसतं. १९२० च्या दशकात इंजिनियर क्लॉड इंग्लिस आणि त्याच्या हाताखालच्या माणसांनी या जमिनींचा अभ्यास केला, आणि पाणी काढून द्यायला चर खणले गेले. हे चर जुन्या ओढ्यांना जोडले, ओढे नदीला. पूर्वी दिवाळीनंतर कोरडे पडणारे ओढे यामुळं बारमाही झाले.

हाच तो मधला पट्टा. इंजिनियरच्या हिशेबात हे पाणी म्हणजे तूट. शेतकऱ्याच्या हिशेबात चोपण जमिनीचं दुखणं. पण जमिनीतून गाळून आलेलं हे पाणी थंड असतं, नितळ असतं, आणि उन्हाळ्यात नीरा बंधाऱ्यामागच्या डबक्यांत अडकून पडलेली असते तेव्हाही ते वाहत असतं. कालव्याला आवर्तन सुटलं की भाटघर आणि वीरच्या पाण्याबरोबर लहान मासे येतात, चाऱ्यांतून, एस्केपच्या दारांतून ओढ्यात उतरतात आणि राहतात. कालवा बंद झाला की पोरं कालव्याच्या तळातल्या डबक्यांवर तुटून पडतात, मोठे मासे तिथंच संपतात. ओढ्याकडं कुणी वळत नाही. वीतभर माशासाठी काट्यांतून कोण जाणार?

महाशीर मात्र आमच्याकडून गेला. नाना सांगायचे की त्यांच्या आजोबांनी पावसाळ्यात चढणीला आलेली खडशी काठीनं मारलेली आहे. ती चढण धरणांनी तोडली. या माशाला पहिल्या पुरात वरच्या खडकाळ पाण्याकडं जाऊन अंडी घालायची असतात, आणि वाटेत भिंत आली की पुढच्या पिढ्या येत नाहीत. राखला गेला तो देवांच्या डोहांत: महाडजवळ वाळण कोंडीत, वाड्याजवळ तिळशाला, जिथं देवाचे मासे म्हणून कुणी गळ टाकत नाही. माझ्यासारख्या गळवाल्यानं हे कबूल करायला हवं की शंभर वर्षांत माशाचं भलं कायद्यानं जेवढं केलं त्याहून या देवळांनी जास्त केलं. कायदा १८९७ सालीच झाला, सुरुंग लावून आणि विष घालून मासे मारायला बंदी करणारा. माझ्या नोकरीत विहिरीचं जिलेटीन डोहात फुटल्याचा आवाज मी ऐकलाय आणि पंचनामा करायला गेल्यावर कुणालाच काही माहीत नसतं हेही पाहिलंय.

महाशीरची एक गोष्ट इथंच सांगतो, ती आपल्या लोणावळ्याची आहे. धरणांमुळं मासा संपतोय हे पाहून टाटांच्या वीज कंपनीनं वळवणला १९७० च्या दशकात महाशीरची पैदास सुरू केली. राज्याचे माजी मत्स्य संचालक चं. वि. कुलकर्णी यांचं त्यात मोठं काम. लाखांनी पिलं तयार झाली, देशभर वाटली गेली, कावेरीतही सोडली गेली. कावेरी म्हणजे गळवाल्यांची काशी. तिथल्या कुबडाच्या महाशीरसाठी विलायतेहून माणसं यायची. झालं असं की आपला दख्खनी महाशीर तिथं माजला आणि कुबडाचा मूळचा मासा नाहीसा होत चालला. त्या बिचाऱ्याला शास्त्रीय नाव नक्की मिळालं तेच २०१८ साली, आणि त्याच सुमारास तो जगातून जायच्या काठावर असल्याचं जाहीर झालं. गळाला मोठा मासा लागावा म्हणून केलेल्या पुण्यकर्माची ही फळं. मोठ्या माशाच्या मागं लागलेल्या नदीचं बहुधा असंच होतं.

नीरेचंही फार वेगळं झालं नाही. कटला, रोहू, मृगळ हे गंगेकडचे मासे. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी कटकला संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची पैदास करून दाखवली आणि बीज स्वस्त झालं. मग धरण तिथं कटला. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा, १९५२ साली देशात आला. उजनीचं धरण १९८० ला पुरं झालं, ११७ टीएमसीचा समुद्रच तो, आणि आज त्याच्या काठावर चिलापीचे ढीग दिसतात. भोई आणि कोळ्यांची घरं त्यावर चालतात, तेव्हा मी नाक मुरडणार नाही. पण गावठी लोळी, कोळस, मरळ बाजारात शोधावी लागते हेही खरं.

मुलगी-जावई ॲबरडीनला असतात म्हणून स्कॉटलंडला जाणं झालं. त्या शहरात डी आणि डॉन या दोन नद्या थोड्या अंतरावर समुद्राला मिळतात. डी ही सॅल्मनची नदी, राजघराण्याचा बाल्मोरलचा वाडा तिच्याच काठी. काठाचे तुकडे पाडलेले, तुकड्याला मालक, मालकाचा दर, आणि माणसाला दिवस ठरवून उभं राहायला जागा. डॉनला ब्राउन ट्राउटसाठी नाव आहे. मला सगळ्यात आवडला तो तिथला रविवारचा कायदा. स्कॉटलंडात रविवारी सॅल्मन आणि समुद्रातून येणारा ट्राउट धरायला कायद्यानं बंदी आहे. प्रभूचा वार पाळण्याच्या जुन्या शिस्तीतून आलेली. नदीत बारा महिने राहणाऱ्या ब्राउन ट्राउटला मात्र ती बंदी नाही. म्हणजे काठाच्या मालकानं परवाना दिला की रविवारी सॅल्मनची नामांकित नदी धाकट्या माशाच्या भक्ताला मोकळी. महागडे लोक चर्चमध्ये किंवा जेवणाच्या टेबलावर. जावयाला म्हटलं, “बाबा, ही तर आमची एकादशी.”

कारण आमच्याकडंही तेच आहे, फक्त पंचांग वेगळं. कोऱ्हाळ्यात माळकरी घरं बरीच. सोपानकाकांची पालखी सासवडहून पंढरीला जाताना आमच्या गावात मुक्काम करते, आणि त्या दिवसांत माशाचं नाव कुणी काढत नाही. पुढं आषाढ अमावस्येला काठावर पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि सगळा काठ ओस पडतो. आमचा भाग पर्जन्यछायेतला, श्रावणातही पाऊस बेताचा, त्यामुळं नदी गढूळ असली तरी चरांचं पाणी दोन दिवसांत निवळतं. मी श्रावणात खात नाही. गळावर आलेलं सगळं परत पाण्यात जातं. सौभाग्यवतींचं म्हणणं, मग जायचंच कशाला? याला माझ्याकडं अजून उत्तर नाही.

माझी हत्यारं साधी आहेत. वेळूची बारीक काठी, पुरुषभराहून थोडी जास्त. तिच्या शेंड्यालाच बांधलेला तेवढ्याच लांबीचा तंगूस; रीळ नाही. सगळ्यात लहान नंबरचा गळ, त्याला तांबड्या दोऱ्यानं कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळलेलं. गांडूळ लागत नाही, कणीक लागत नाही. हे मी शोधलं असं वाटून काही दिवस छाती फुगली होती. मग वाचण्यात आलं की एलिअन नावाच्या रोमन लेखकानं दुसऱ्या-तिसऱ्या शतकात मॅसिडोनियातल्या नदीवरच्या लोकांची हीच पद्धत लिहून ठेवलीय: गळाला लाल लोकर, कोंबड्याची दोन पिसं, सहा फूट काठी आणि तेवढीच दोरी. जपानातल्या डोंगरी ओढ्यांवरही बिनरिळाच्या लांब काठीनं असाच ट्राउट धरतात. नानांना यातलं काहीच माहीत नव्हतं, पण शेवग्याच्या खोडावरची अळी सोडून कोंबड्याचं पीस वापरायचं त्यांनीही एकदा पाहिलं होतं, एका भोयाकडं, आणि ते त्यावर हसले होते.

उभं राहायचं ते ओढ्याच्या खालच्या बाजूला, तोंड वरच्या दिशेला. मासा पाण्याच्या ओढीकडं तोंड करून असतो, त्याला मागचं दिसत नाही. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. पांढरा सदरा नको. चराच्या मोरीखाली, जिथं धार पडून फेस होतो आणि फेसाच्या कडेला पाणी जरा थबकतं, तिथं पीस टाकायचं आणि धारेबरोबर येऊ द्यायचं. दिवस कलल्यावर, चिलटं पाण्यावर उतरतात तेव्हा, सगळा पृष्ठभाग जागोजागी फुटायला लागतो. पट्टेवाला विजेसारखा येतो. आंबळीही येते, ती नुसती चमकून सुटते. कधी ओंजळभर मरळ पीस गिळून गवतात घुसते आणि काठीचा शेंडा मोडते. ऊस तोडायला आलेली बीडकडची माणसं एकदा चराच्या बांधावर उभी राहून बघत होती. त्यातला एक म्हातारा म्हणाला, “भाऊसाहेब, एवढ्यात कालवण कसं व्हायचं?” मी म्हटलं, “कालवणाला नाही, करमणुकीला.” त्याला ते पटलं नाही, आणि त्याच्या जागी मला तरी कुठं पटलं असतं!

हे पाणी कायम राहील अशी माझी समजूत नाही. कालव्याला अस्तर करायची कामं निघतात. अस्तर झालं की झिरपा थांबतो. ठिबक वाढतंय. शेतीच्या दृष्टीनं दोन्ही गोष्टी बरोबर आहेत, आणि नोकरीत असतो तर मीही त्याच्या बाजूनं टिपण लिहिलं असतं. दुसरी गोष्ट मात्र बरोबर नाही. गळिताच्या हंगामात कधी कधी ओढ्याला तांबूस काळं पाणी येतं, मळीचा वास येतो, आणि सकाळी मासे पोटं वर करून कडेला लागलेले असतात. कुठून आलं हे काठावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं आणि नमुना घ्यायला माणूस येईपर्यंत पाणी वाहून गेलेलं असतं. त्यावर मी अर्ज दिलेत. पोचपावत्या आहेत.

कुणाला यायचंच असेल तर नदीवर आणि धरणावर जाऊ नका, कालव्याच्या खालच्या अंगाला चर विचारा. आधी पाटकऱ्याला आवर्तनाच्या तारखा विचारून घ्या. पाणी सुटल्यावर पहिले चार दिवस चर गढूळ आणि जोरात असतात, पाणी बंद झाल्यावर आठवडाभरानं खरे निवळतात. शेतमालकाला विचारून बांधावर पाय ठेवा. बाभळीत अडकलेला तंगूस काढून परत न्या, त्यात बगळ्यांचे पाय तुटतात. आषाढात गाभोळीनं भरलेली मादी आली तर लगेच सोडा. आणि येताना एकटे या. चार जण आलात तर मला दुसरा ओढा शोधावा लागेल, आणि कालव्याच्या खाली तसे ओढे आता थोडेच उरलेत.